मधूभाऊंचा रविवारचा खेळ

फेब्रुवारीतला दुसरा रविवार, सकाळ. मेहरूण तलावाचा काठ. हजर : सुनंदावहिनी, त्यांचा मुलगा अमोल, एरंडोलचे नाना, धुळ्याहून पहिल्या गाडीने आलेले शफीभाऊ, मी, आणि गल्लीतली माणसं. निमित्त, मधूभाऊंचा दहावा. पिंड मांडून झाले, सगळे मागे सरकले, आणि कावळा काही शिवेना. कावळे नव्हते असं नाही. समोरच्या भिंतीवर बसून मान वाकडी करून बघत होते. अमोल पुढे झाला, हात जोडून म्हणाला, "आईला मी सांभाळीन." कावळा हलला नाही. वहिनी म्हणाल्या, "माझी काळजी करू नका, मी राहीन." तरी नाही. मग नानांनी मला कोपराने ढोसलं. "रेखा, तू बोल. खेळाचं बोल." त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळलं. तुमचा खेळ आम्ही पुरा करू, एवढं एक वाक्य. मी बोलले नाही. पाइपच्या कारखान्यात स्टोअर सांभाळते मी. जो माल शिल्लकच नाही तो देते असं कुणाला सांगत नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि आम्ही परत आलो.

खेळ म्हणजे कुठला, हे सांगायला हवं, कारण आमच्या गल्लीत अजून निम्म्या लोकांना वाटतं की आम्ही दर रविवारी दुपारी मधूभाऊंकडे पत्ते कुटत होतो. मधूभाऊ औषध कंपनीचे प्रतिनिधी. काळी बॅग घेऊन जळगाव, एरंडोल, धुळे, नरडाणा असे आठवडाभर फिरायचे, डॉक्टरांच्या दारात ताटकळायचे. एका दिवाळीला त्यांच्या पुण्याच्या भाच्याने एक खोका आणून दिला. आत पुस्तक, थोडे कागद आणि वेगवेगळ्या पैलूंचे फासे. त्यातला वीस बाजूंचा फासा पाहून वहिनी म्हणाल्या होत्या, "हे शिंगाडे उचला बरं आधी, मला ताटं मांडायची आहेत." खेळ असा की एक जण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. राक्षस समोर आला असं सांगणारा सांगतो. तुम्ही पळता, लढता की त्याच्याशी बोलता हे तुम्ही ठरवायचं. जमलं की फसलं ते फासा ठरवतो. पुस्तकात सांगणाऱ्याला जीएम म्हटलेलं होतं. शफीभाऊंनी लगेच विचारलं, "जीएम म्हणजे रेल्वेचा मोठा साहेब ना? मग मधूभाऊ, भुसावळपर्यंतचा पास तरी काढून द्या." तेव्हापासून आम्ही नुसतं 'सांगणारा' म्हणू लागलो.

खेळणारे आम्ही तिघं. नाना निवृत्त गणित शिक्षक, मूळचे एरंडोलचे, आता मुलाकडे मेहरूणला राहायला आलेले. त्यांनी रंगराव नावाचा एक धिप्पाड लढवय्या घेतला, ज्याला दहाच्या पुढे मोजता येत नव्हतं. "आयुष्यभर हिशेब शिकवले," म्हणाले, "आता मला अडाणी होऊ द्या." शफीभाऊंचं धुळ्याला फर्निचरचं दुकान आहे. बोलणं इतकं कमी की गिऱ्हाईक भाव दोनदा विचारतं. ते झाले बडबडा वैदू, आणि टेबलाशी बसले की सुटायचेच. मी चोर झाले. नाव चिमणी. स्टोअर सांभाळणारी बाई चोर झाली म्हणून सगळे हसले, पण गंमत अशी की चोर होऊनही बठ्ठं, अगदी सगळं सामान माझ्याच डोक्यावर आलं. मशाली किती, पाण्याच्या पखाली किती, कुणाकडे चाकू आहे, कुणी हरवला... मी माझ्या कागदावर शिसपेन्सिलीने मांडून ठेवायची. आणि हो, हजेरी मीच घ्यायची.

पहिला खेळ पुस्तकातलाच होता, किल्ल्याचा आणि सोन्यावर बसलेल्या अजस्र सापाचा. परदेशी माणसं तलवार काढून आत शिरत असतील. आमच्या नानांनी विचारलं, "हा साप पाणी कुठलं पितो?" झालं. पुढचे कितीतरी रविवार आम्ही डोंगरावरचा ओढा वळवण्यात घालवले. बांध घातला, गावातली माणसं कामाला लावली, वैदूने मजुरांना जुलाबाचं औषध दिलं आणि निम्मे आजारी पाडले. मधूभाऊ डोक्याला हात लावून म्हणाले, "अहो, मी एवढा मोठा साप तयार केला आणि तुम्ही पाटबंधारे खातं काढलं!" शेवटी तहानलेला साप आपणहून निघून गेला. लढाई झालीच नाही. त्या दिवशी मला कळलं की या खेळात कुणी जिंकत नाही, आणि तरी जिंकल्यासारखं घरी जाता येतं. दुसरा खेळ मधूभाऊंनी स्वतः रचला, बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगमधल्या भुताचा. त्यात भर उन्हाळ्यात पंख्याखाली बसून मी खरोखर घाबरले होते. पण सगळ्यांत आवडता तिसरा, मिठाचा तांडा. तापीकाठून निघायचं आणि सातपुड्यापलीकडच्या गावांना मीठ पोचवायचं, एवढंच. शफीभाऊंनी त्यासाठी सागवानाचं टेबल करून आणलं, आणि मधूभाऊंनी औषध कंपन्यांची जुनी कॅलेंडरं उलटी चिकटवून त्यावर नकाशा काढला. ताप उतरवणाऱ्या गोळीच्या पाठीवर आमचा सातपुडा होता.

त्या खेळाचा एक प्रसंग सांगते, म्हणजे आम्ही तिथे काय करायचो ते समजेल. रंगराव मेला. नदी उतरताना फासा वाईट पडला आणि गडी वाहून गेला. पुस्तक म्हणतं, नवीन माणूस घ्या आणि पुढे चला. नाना ऐकेनात. "असं कसं पुढे चला? दहावा नको का माझा?" मग पुढचा अख्खा रविवार आम्ही एका नसलेल्या माणसाचा दहावा केला. नानांना झोपाळ्यावर बसवलं. मेलेल्याने बोलायचं नाही, असा मधूभाऊंचा दम. कावळा म्हणजे तो वीस बाजूंचा फासा. वैदूने वचन दिलं, "तुझ्या आईला निरोप पोचवीन." फासा पडला, कावळा नाही. चिमणीने वचन दिलं, "तुझा घोडा विकणार नाही." नाही. नाना झोपाळ्यावर तोंड दाबून हसत होते. मधूभाऊ शांतपणे म्हणाले, "काय राहिलंय त्याचं? आठवा ना." आम्ही आठवत बसलो... आणि एकदम शफीभाऊ ओरडले, "भरीत! भरीत राहिलं त्याचं!" कितीतरी आठवड्यांपूर्वी एका धर्मशाळेत रंगरावाने भरीत आणि कळण्याची पुरी सांगितली होती आणि ताट यायच्या आत दरोडेखोर आले होते. आम्ही सगळे विसरलो होतो. वैदूने वचन दिलं की दर वर्षी भरताची पहिली वांगी निघाली की तुझ्या नावाने पान वाढू. फासा पडला आणि कावळा शिवला. नाना झोपाळ्यावरून उठून नाचले. सत्तरीचा माणूस. वहिनी स्वयंपाकघरातून धावत आल्या, काय झालं म्हणून.

लोक विचारतात, एवढं काय होतं त्या खेळात? मला वाटतं, तो प्रश्न होता. मधूभाऊ गोष्ट एका जागी आणून थांबवायचे, चष्मा कपाळावर सारायचे आणि विचारायचे, "मग चिमणे, आता तू काय करशील?" एरवी ते मला रेखाताई आणि तुम्ही म्हणत. खेळात तू. आणि विचारलं की थांबायचे. सुचवायचे नाहीत, घाई करायचे नाहीत. माझ्या वयाच्या बाईला घरी काय करायचं ते सांगितलं जातं, आणि कारखान्यात तिने इतरांना सांगायचं असतं. तू काय करशील, असं विचारून उत्तरासाठी थांबणारा माणूस मला आयुष्यात एकच भेटला, आणि तोही रविवारी दुपारी.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी तांडा सातपुड्यातल्या एका पाड्यावर पोचला होता. विहिरीवर एक म्हातारी बसलेली. विहिरीचा दोर तुटलेला, पाणी खोल. मधूभाऊंच्या गोष्टीतली साधी माणसं अहिराणी बोलायची आणि प्रत्येकाचा आवाज वेगळा असायचा. या म्हातारीचा आवाज त्यांनी अगदी बारीक, वाळक्या पानासारखा लावला. "पोरेसले तीस लागेल शे, माय. तुनापान दोर शे ना? दी दे." पोरांना तहान लागली आहे, तुझ्यापाशी दोर आहे, देऊन टाक. दोर होता. एकच होता. आणि पुढचा कडा त्या दोराशिवाय उतरता येणार नव्हता. दिला तर मीठ पलीकडे पोचत नव्हतं. शफीभाऊ म्हणाले, "दे गं, चिमणे." नाना, आता रंगरावाचा धाकटा भाऊ झालेले, म्हणाले, "वेडी आहेस का? मीठ कोण पोचवेल?" मी कागदाकडे बघत बसले. मधूभाऊ हसले. "रेखाताई, म्हातारी मालाच्या मागणीचं इंडेंट भरून देणार नाही. मग चिमणे, आता तू काय करशील?" मी म्हटलं, पुढच्या रविवारी सांगते. "चालेल," ते म्हणाले, "म्हातारी बसेल तोवर." वहिनींनी चहा आणला, शफीभाऊंची धुळ्याची गाडी होती, आम्ही उठलो.

शुक्रवारी नरडाण्याला एका दवाखान्यातून बाहेर पडताना मधूभाऊ पायरीवर टेकले ते उठले नाहीत. अमोलचा फोन आला तेव्हा मी गोदामात होते. त्याने एकच वाक्य सांगितलं आणि दोनदा सांगितलं. कुणाकुणाला कळवायचं, रुग्णवाहिका कुठून येणार, डॉक्टरांचा दाखला कोण घेणार, हे सगळं मी तिथेच कागदावर उतरवलं आणि संध्याकाळपर्यंत केलं. कामं होती तोवर ठीक होतं.

तेराव्यानंतर वहिनीच म्हणाल्या, "या ना रविवारी. बसा. घर खायला उठतं." आम्ही गेलो. मी वहिनींना विचारलं, पुढच्या गोष्टीचं काही लिहून ठेवलंय का त्यांनी. वहिनी म्हणाल्या, "कुठलं लिहिणं! आंघोळीला गेले की ठरवायचे. रविवारी तासभर बाहेर यायचे नाहीत, मी दार वाजवायची." कपाट पाहिलं. औषधांची माहितीपत्रकं निघाली, बाकी काही नाही. कड्यापलीकडे काय होतं, मिठाची वाट कोण बघत होतं, ते कुणालाच माहीत नाही, आणि आता कधी माहीत होणारही नाही. नाना म्हणाले, "मी होईन सांगणारा. एवढं काय अवघड आहे?" ते मधूभाऊंच्या खुर्चीवर नाही बसले, स्टूल ओढून बसले. घसा साफ केला. "तर... ती वृद्ध स्त्री विहिरीजवळ बसलेली आहे." शफीभाऊंनी मान खाली घातली. नाना पुढे म्हणाले, "ती म्हणते, कृपया मला दोर द्या, मुलं तहानलेली आहेत." आवाज नानांचाच होता, वर्गात प्रश्न घालतानाचा. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि समोर कुणी नव्हतं. नानांनाही ते दिसलं. "नाही येत मला ती," ते म्हणाले, आणि कपाळाला हात लावून बसले. शफीभाऊंनी टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "नाना, तुमचा दोष नाही. ती त्यांच्यापाशीच होती." त्या दिवशी चहा कुणी पूर्ण प्याला नाही.

त्यानंतर आम्ही जमलो नाही. शफीभाऊंचा रविवारी फोन येतो, एकमेकांची तब्येत विचारून ठेवतो. नाना आता अमुक झालं असतं तर काय केलं असतं, असं काही बोलत नाहीत; संध्याकाळी तलावावर फिरतात आणि परत येतात. वहिनींना अमोल पुण्याला नेतोय. घर भाड्याने जाईल. टेबल शफीभाऊंनी परत न्यावं असं वहिनींचं म्हणणं होतं, ते म्हणाले, "दिलेली वस्तू मी नेत नाही." भाच्यालाही विचारून पाहिलं. तो भला मुलगा आहे, म्हणाला, "मामी म्हणेल तेव्हा येऊन मी सांगणारा होईन." मी नको म्हटलं. तो त्याची गोष्ट सांगेल, चांगलीच सांगेल. आमची नाही सांगता येणार.

सामान आवरायचं काम साहजिकच माझ्याकडे आलं. फासे डबीत भरले, पुस्तक भाच्याकडे पाठवलं, नकाशा टेबलावरून सोडवताना तापीपाशी फाटला तो चिकटवून गुंडाळला. रंगरावाचा आणि वैदूचा कागद ज्याचा त्याला दिला. चिमणीचा कागद माझ्याकडे आहे. मशाली, पखाली, चाकू, सगळं शिसपेन्सिलीने लिहिलेलं, आणि खाली 'दोर, एक'. तो द्यायचा हे माझं त्याच आठवड्यात, मंगळवारी भाजी घेताना ठरलं होतं. पोरं आधी, मीठ मागाहून. रविवारी गेल्या गेल्या सांगणार होते. घरी दोनदा खोडरबर घेऊन बसले. पण घेणाऱ्याची सही झाल्याशिवाय मी कधी कुठला माल कमी केलेला नाही, आणि हा दोर घेणारं आता कुणी नाही... ती ओळ खोडायची राहिली आहे.