कोऱ्या नळीच्या मॅडम

आमच्या मॅडम तर्री-पोहे खायच्या, तेव्हा पहिला घास बिनतर्रीचा. टपरीवाला तर्रीचा डाव उचलून ताटकळत उभा. मॅडम म्हणायच्या, "आधी साधं खाऊ दे नं बापू. नाईतं तर्रीनं काय केलं, ते कसं कळन?"

प्रयोगशाळेतही तेच. एमएस्सीच्या मुलींसाठी त्यांनी आमच्या तालुक्याच्या कॉलेजात डीएनए तपासायचं प्रशिक्षण सुरू केलं होतं. प्रत्येक प्रयोगात एक नळी कोरी हवी: बाकी सगळं घालायचं, डीएनएच्या जागी नुसतं पाणी. डीएनए असला की शेवटी पडद्यावर त्या नळीसमोर रेघ उमटते; कोऱ्या नळीसमोर उमटली, तर कुठंतरी घाण शिरली, सगळा प्रयोग बाद! आम्ही पाठीमागे त्यांना 'कोऱ्या मॅडम' म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडायचंही, असा मला दाट संशय आहे.

थेंब मोजून ओढायची पिपेट मात्र मला जमेना. अंगठा सटकन सुटायचा, बुडबुडे यायचे. एकदा म्हणाल्या, "करडी गावची नं तू? रोवणीले धानाचे पऱ्हे काढते तवा खसकन ओढते का? मग इथं काहून घाई करून राहिली वं?" तेव्हापासून हात वळणावर आला.

वर्षअखेरीस विद्यापीठाची समिती आली. प्रशिक्षण पुढे चालू ठेवायचं की बंद करायचं, ते त्यांच्या हाती. बंद झालं की हे शिकायला नागपूर गाठायचं, आणि माझ्या घरून नागपूरला धाडणं शक्यच नव्हतं. आम्ही धानाच्या पानांचा डीएनए काढला होता. पडद्यावर सगळ्या रेघा झकास उमटल्या. आणि कोऱ्या नळीसमोरही एक, फिकट पण स्पष्ट.

विभागप्रमुख सर कानाशी लागले, "मॅडम, तेवढी बाजू फोटोतून कापू. कोणाले समजते?"

"सर, तेवढीच तं खरं बोलून राहिली," असं म्हणून मॅडम सरळ समितीसमोर गेल्या. "आमच्या पाण्यात घाण शिरली. आजचा निकाल धरू नका. उद्या पुन्हा करून दाखवतो."

समिती भंडाऱ्याला मुक्कामी राहिली, पण तोंडं वाकडी करूनच. मी रडून गोंधळ घातला. "मॅडम, तुम्ही आमचा गळाच कापला!" असं तोंडावर बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "उद्या पिपेट तू धरायची."

"मी? माझा हात थरथरला तर?"

"घाबरलेल्याचा हात थरथरते. तू तं चिडून राहिली."

दुसऱ्या दिवशी नवं पाणी, पिपेटला नवी टोकं. सगळ्या नळ्या मीच भरल्या. पडदा उजळला तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते. टाळ्या ऐकून उघडले. धानाच्या रेघा जागच्या जागी, आणि कोऱ्या नळीसमोर काही म्हणजे काही नाही. काहीच न दिसल्याबद्दल टाळ्या वाजवणारी माणसं मी प्रथमच पाहत होते.

समितीच्या प्रमुख बाईंनी हसत विचारलं, "मॅडम, पुढच्या वर्षी काय काय शिकवणार?"

मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हिले विचारा. मी तं उन्हाळ्यात निवृत्त होऊन राहिली."

आम्हाला त्यांनी याचा पत्ता लागू दिला नव्हता. आदल्या दिवशी रागानं रडले होते; त्या क्षणी कशानं रडले, ते मला आजही धड सांगता येत नाही. प्रशिक्षण चालू आहे. मी शिकवते.