बोर्डाची काठी

वर्गातल्या एका मैत्रिणीच्या घरचे राहतं घर विकून दुसरीकडं जायचं म्हणतायत. आमचं नुकतंच झालंय म्हणून तिनं मला विचारलं, काय काय करावं लागतं. मी तिला कागदांची यादी सांगितली. टेम्पो आठवडाभर आधी ठरव, भांडी वर्तमानपत्रापेक्षा जुन्या साड्यांत गुंडाळलेली बरी, असंही सांगितलं. घरी आल्यावर वाटलं, सांगायला हवं होतं ते राहूनच गेलं. ते तोंडी मला नीट जमेल असं वाटत नाही, म्हणून लिहून काढते.

आमचं घर शिरोली एमआयडीसीच्या मागच्या अंगाला, पंचगंगेकडं उतरत जाणाऱ्या गल्लीत होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, वर माळा, मागं परडं. पप्पा फाउंड्रीत कामाला, सायकलवरून दहा मिनिटांत पोचायचे. घर वाईट नव्हतं. पण माझ्या आठवणीत दोनदा नदी आत आली. पहिल्यांदा कमरेएवढी, दुसऱ्यांदा पप्पांच्या डोक्यावरून. दुसऱ्या वेळी आम्ही नऊ दिवस हायस्कूलच्या वर्गात राहिलो, बाकं एकाला एक लावून त्यावर झोपलो. परत आलो तेव्हा माझी दहावीची पुस्तकं चिखलाच्या विटा झाली होती.

त्यानंतर दर पावसाळ्यात आई रेडिओवर धरणाचे दरवाजे मोजायची. राधानगरीचे किती उघडले, नदी किती फुटांवर गेली. जेवताना घास हातात तसाच राहायचा. शेवटी तीच म्हणाली, "आता पुन्हा त्या शाळंत मी झोपायची न्हाय. उंचावर कुठंबी बघा."

उंचावर म्हणजे टेंबलाईवाडीत, टेकडीच्या अंगाला, दुसऱ्या मजल्यावर एक लहान फ्लॅट मिळत होता. तिथले काका मुलाकडं राहायला जाणार होते. त्यांनी जून लागेपर्यंत थांबतो म्हणून शब्द दिला. त्याच्या आत आमचं घर विकलं गेलं पाहिजे होतं. नाहीतर फ्लॅट दुसऱ्याला जाणार आणि आम्ही आणखी एक पावसाळा त्याच गल्लीत काढणार.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळं लिहायचं काही असलं की ते माझ्याकडं येतं. लग्नपत्रिकेतली नावं तपासणं, बँकेचा फॉर्म, गॅसचा अर्ज. तशी घराची जाहिरातही माझ्याकडं आली. मी मोबाइलवर टाईप केलं: दोन खोल्या, स्वयंपाकघर, हायवेपासून पाच मिनिटं, चोवीस तास वीज. पप्पा शेजारी बसून ऐकत होते.

"पुराचं लिहू का?" मी विचारलं.

"ते कशाला? बघायला येतील त्यांना दिसंल की काय ते."

पण दिसू नये म्हणून त्याच आठवड्यात त्यांनी पुढच्या खोलीतली भिंत रंगवली. आमच्या गल्लीत प्रत्येक घराच्या भिंतीवर पाणी कुठवर आलं होतं त्याची खूण असते. कुणी खिळ्यानं रेघ ओढतं, कुणी तेलरंगानं. आमची खिळ्याची होती, शेजारी मी स्टुलावर चढून काढलेला एक मासा होता. त्यावर पप्पांनी फिकट पिवळ्या रंगाचे दोन हात दिले. मी डबा धरून उभी होते.

पहिलं गिऱ्हाईक घर बघून कोपऱ्यावरच्या टपरीवर चहाला थांबलं, तिथं पुराचं कळलं असावं, आणि नंतर त्यांनी फोनच उचलला नाही. दुसरे गृहस्थ चंदगडकडचे होते, बदली होऊन इकडं आलेले. त्यांना घर आवडलं. मुलीची शाळा कुठं, बस कुठं थांबते, सगळं विचारून झालं. जाताना ते माझ्याकडं वळून म्हणाले, "ताई, तुम्ही शिकलेल्या आहात म्हणून विचारतो. पुराचं काय इथं?"

मी पप्पांकडं बघितलं. पप्पा म्हणाले, "नदी लांब हाय हो." मी खाली बघितलं. ते गृहस्थ चपला घालून गेले. संध्याकाळी त्यांचा फोन आला, नको म्हणून. बहुतेक तेही टपरीवर थांबले असावेत. घर गेलं नाही याच्यापेक्षा ते "शिकलेल्या आहात" मला जास्त लागलं.

मे लागला होता तेव्हा तिसरं गिऱ्हाईक आलं. जयसिंगपूरहून आलेलं जोडपं. त्यांचं फॅब्रिकेशनचं काम होतं, ग्रिल आणि ट्रॉल्या करायचे. बरीचशी कामं शिरोलीच्याच कारखान्यांकडून यायची, म्हणून इथंच जागा बघत होते. त्यांच्या बायकोला आईनं दारातच भाभी म्हटलं आणि त्यांनी आईला मावशी. पप्पांनी खुर्ची पुढं केली. "बसा की पावणं."

दुपारचे तीन वाजले असतील, उकाडा होता. आईनं मला पंखा लावायला सांगितलं. मी सवयीनं दाराच्या मागची काठी घेतली, तिचं टोक बोर्डाला लावलं आणि बटण दाबलं.

काठीबद्दल सांगायला पाहिजे. दुसऱ्या पुरानंतर आमच्या गल्लीतल्या सगळ्यांनी मीटर आणि बटणांचे बोर्ड छतापाशी नेले. भिंत भिजली तरी वायरिंग वाचावं म्हणून. तिथं हात पोचत नाही, म्हणून प्रत्येक घरात दाराला एक काठी टांगलेली असते, टोकाला चिंधी बांधलेली. चार-पाच वर्षं आम्ही दिवा असाच लावत होतो. पाहुण्यांकडं गेले की मी आधी छताकडं बघायचे. भिंतीवरची रेघ लपवायचं पप्पांना सुचलं, पण बोर्डांचं आमच्यातल्या कुणाच्याच डोक्यात आलं नाही. आम्हाला ते दिसतच नव्हते.

पंखा फिरायला लागला. पाहुणे वर बोर्डाकडं बघत राहिले. माझ्या हातात काठी तशीच.

मग ते पाहुणे हसायला लागले. "मामा, भिंत झकास रंगवलीसा. काठी तेवढी लपवायची ऱ्हायली की."

पप्पांचा चेहरा उतरला. भाभी मात्र हसल्या नाहीत. बोर्डाकडं बघत म्हणाल्या, "आमच्यात पण हाय अशीच. तिला रबर लावलंय, चिंधी सरकती." त्यांचं माहेर कृष्णेच्या काठावरचं होतं. मग त्यांनी मलाच विचारलं, "कुठवर आलतं?"

त्या वेळी मी पप्पांकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर बोलता आलं नसतं. भिंतीपाशी गेले, रंगाच्या खाली खिळ्याची खाच अजून बोटाला लागत होती. तिथं हात ठेवून म्हणाले, "पहिल्यांदा ह्याच्या बरंच खाली. दुसऱ्यांदा हितवर. दोनदाच आलंय, पण दोन्ही वेळा घर सोडावं लागलं."

"झालं," पप्पा हळूच म्हणाले. ते रागानं म्हणाले की दमून, मला आजही कळलेलं नाही.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मला वाटलं आता ती ओरडणार. ती पदर खोचून बाहेर आली. "सांगाय लागलीस तर सगळं सांग की. निम्मं काय सांगतीस?" आणि भाभींना हाताला धरून परड्यात घेऊन गेली.

तिथं आईनं जे सांगितलं ते आम्हालाही इतकं सलग कधी सांगितलं नव्हतं. पाणी पुढच्या दारानं येत नाही, आधी परड्यातल्या मोरीतनं बुडबुडे येतात. बुडबुडे दिसले की अर्धा दिवस हातात असतो. आधी धान्य माळ्यावर न्यायचं, मग गाद्या, कपाट शेवटी, कारण कपाट हलवताना माणसं दमतात आणि धान्य राहून जातं. कागदं बारा महिने प्लॅस्टिकच्या पिशवीत माळ्यावरच. हायवेकडचा रस्ता सगळ्यात शेवटी बुडतो, म्हणून घाबरायचं नाही, पण वाटही बघत बसायचं नाही. पाणी ओसरताना चिखल ओला असतानाच पाण्याबरोबर ढकलायचा, वाळला तर पहारीनं काढावा लागतो.

भाभी मधेमधे विचारत होत्या. "माळ्याला वजन किती सोसतंय?" "साप निघत्यात काय?"

"निघत्यात. पर बिचारी आपल्यागतच भ्यालेली असत्यात," आई म्हणाली.

तोवर पाहुणे घरात वर बघत फिरत होते, तुळया मोजत होते. शेवटी म्हणाले, "मामा, मला हितं खाली नुसतं लोखंड ठेवायचंय. वेल्डिंगची मशीनं हायत, त्याला वर एक आडवा गर्डर टाकतो, साखळीची कप्पी लावतो, वाटलं की वर वडायची. लोखंड भिजलं तर पुसून घेतो. आमी ऱ्हाणार वर, खोली बांधून. जागा रोडजवळ पायजे होती, ती हाय."

"म्हंजे घेतासा?" पप्पांनी विचारलं.

"घेतो. पर तुमी थोडं उतरा. आन त्या पोरगीला काय बोलू नगासा."

पप्पा उतरले. किती ते इथं लिहायची गरज नाही. फ्लॅट घेता आला एवढंच. कागदांना काही अडलं नाही. उतारा, घरपट्टी, लाईट बिलं, सगळं त्या माळ्यावरच्या पिशवीत कोरडं होतं. नोंदणीच्या ऑफिसात पप्पा सही करताना थांबले आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "वाचलीस न्हवं सगळं?" मी वाचलं होतं, तीनदा. बाहेर आल्यावर त्यांनी उसाचा रस पाजला आणि म्हणाले, "बरं झालं बोललीस. चंदगडच्या त्या माणसाला उगंच नदी लांब हाय म्हटलं."

मैत्रिणीला हेच सांगायचं होतं बहुतेक. तुमच्या घराची जी अडचण आहे ती ज्याला चालते असा माणूस असतोच असं नाही. पण असला, तर अडचण सांगितल्याशिवाय तो सापडणार कसा? मला यातलं फार कळतं असं नाही. एकाच घराचा अनुभव आहे.

जून लागायच्या आधी आम्ही टेंबलाईवाडीत आलो. देव आधी आणले, मग गॅस, मग बाकीचं. आईनं नव्या शेगडीवर दूध उतू घातलं आणि पुसायला फडकं कुठल्या खोक्यात आहे ते कुणालाच सापडेना. म्हणून दुसरा सल्ला असा, की फडकी आणि चाकू एका पिशवीत वेगळे ठेवावेत. फ्लॅटमधले बोर्ड बरोबर हाताशी आहेत. पहिले काही दिवस आम्ही तिघंही खोलीत शिरलं की दारामागं हात घालायचो आणि कोऱ्या भिंतीवर चाचपडायचो. काठी आईनं त्या घरातच ठेवली होती, भाभींना उपयोगी पडेल म्हणून.

नव्या जागी मला करमेल का याची काळजी होती. जुन्या गल्लीत सगळ्यांना सगळ्यांची भांडणंसुद्धा माहीत होती, इथं जिन्यात नुसतं हसून लोक पुढं जायचे. तसा एक महिना गेला. मग आषाढ आला. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी आईला विचारलं, "टेंबलाईला पाणी घालाय येतासा न्हवं? तुमच्या पोरगीला घागर घेऊ दे."

आषाढात गल्लीगल्लीतून लोक पंचगंगेचं नवं पाणी आणतात आणि टेकडीवर देवीच्या पायऱ्यांवर ओततात. मी जुन्या गल्लीतूनही एकदोनदा बघायला आले होते, पण घागर कधी घेतली नव्हती. त्या मंगळवारी आमची घागर फुलांनी सजवली होती, पुढं पी ढबाक, म्हणजे पिपाणी आणि ढोल, वाजत होता आणि त्या तालावर काकूंसारख्या बायकासुद्धा नाचत होत्या. नदीवर घागर भरताना मी पाण्याकडं बघितलं. गढूळ, तांबडं, तेच होतं. पुस्तकं घेऊन गेलेलं.

टेकडी चढेपर्यंत मान दुखायला लागली. पायरीवर पाणी ओतलं तेव्हा आई शेजारी होती. हात जोडून ती म्हणाली, "एवढंच येत जा बाई. घागरीएवढं." काकू हसल्या, आईही हसली. त्या दिवशी घरी आंबील आणि वड्या केल्या आणि जिन्यातले लोक थांबून बोलायला लागले.

त्यानंतर पंधरा दिवस पाऊस उघडलाच नाही. रेडिओ आईनं पुन्हा लावला होता, पण जेवताना बंद करायची. एका दुपारी आम्ही जेवत असताना तिचा फोन वाजला. भाभींचा होता. आईनं स्पीकर लावला.

"मावशी, मोरीत बुडबुडं आल्यात."

पप्पांचा घास थांबला. माझाही. त्या क्षणी मला वाटलं, भाभींनी विचारलं तेव्हाही मी खाली बघितलं असतं तर हा फोन आम्ही कसा उचलला असता?

"किती येळ झाला?" आईनं विचारलं.

"आत्ताच बघितलं. ह्यांनी मशीनं वर वडल्यात, कप्पीनं. वरची खोली अजून व्हायची हाय, पोरं माळ्यावर हायत. धान्य सकाळीच नेलं."

"मग काय न्हाय. अर्धा दिवस हाय तुमच्याकडं. आधी जेवून घ्या बसून, मग गाद्या. सांजच्याला पुन्हा फोन कर, आन पाणी उंबऱ्याला लागलं तर हिकडं निघून या सगळी. जागा हाय."

"बरं. काठी तेवढी वर न्यायची ऱ्हायली, ती आधी नेते," भाभी म्हणाल्या आणि हसल्या.

संध्याकाळी फोन आला तेव्हा पाणी परड्यातल्या कट्ट्याला लागून थांबलं होतं. रात्रीतून ते उतरलं. पण ते नंतरचं. त्या दुपारी आईनं फोन ठेवला, पप्पांच्या ताटात भात वाढला आणि म्हणाली, "जेवा की. गार व्हायलंय."