पाळीव जनावरांचा धडा

दुपारी डहाणू रोडच्या घरी मी हेडफोन लावून बसायचो. तलासरीकडच्या एका बालवाडीतलं रेकॉर्डिंग ऐकायचं आणि कोण काय बोललं ते शब्दन् शब्द उतरवायचं, हे माझं काम. लहान मुलं वर्गात कोणती भाषा किती बोलतात, याचा अभ्यास काही मंडळी करत होती. एका मिनिटाच्या आवाजाला मला बारा मिनिटं लागत. कळलं नाही तर ‘अस्पष्ट’ लिहायचं, अंदाज करायचा नाही, हा नियम मी कसोशीने पाळत असे. कळलंय असं वाटलं की मात्र नियमाचा उपयोग नसतो.

त्या दिवशीचा धडा पाळीव जनावरांचा होता. ताई नवी, माझ्यासारखीच घाटावरची. मुलं गाय, बैल, बकरी सांगत होती. मग कोपऱ्यात चटयांच्या ढिगाजवळ बसणारी चार वर्षांची मुलगी म्हणाली, “जनावर आहे.”

“शाबास. कोणतं?”

“लांब.”

“लांब नाही, मोठं म्हणायचं. बैल मोठा असतो.”

“चटईखाली गेलं.”

वर्ग हसला. मीही हसलो आणि रकान्यात लिहिलं: जनावर, म्हणजे गुरे, कल्पनेतलं बोलणं.

पडताळणीसाठी तेवढा तुकडा मी मोठ्याने लावला. बायको शेजारी सुकट निवडत होती. ती इथलीच, डहाणूजवळच्या आगर गावची. तिचा हात थांबला.

“अहो, गुरांचं नाही बोलत ती. आमच्यात सापाला जनावर म्हणतात. त्याचं नाव नाही घेत.”

लग्नाला बावीस वर्षं झाली, तरी हे मला ठाऊक नव्हतं. तसं म्हणालो तर ती म्हणाली, घरात कधी निघालं नाही म्हणून.

रेकॉर्डिंग नऊ दिवसांपूर्वीचं होतं. पुढच्या दोन दिवसांचंही माझ्याकडे आलं होतं. त्यातल्या पहिल्यात मुलीने तो शब्द चार वेळा उच्चारला होता आणि चारही वेळा ताईने गाणं सुरू केलं होतं. दुसरं मी दोनदा ऐकलं. मुलीचा आवाजच नव्हता.

ताईचा फोन तीनदा लागला नाही. चौथ्यांदा लागला तेव्हा मी आधी मुलीचं विचारलं. ती येत नाही, आत बसायला नको म्हणते, असं आईने कळवलं होतं. चटयांजवळची तिची जागा आता दुसऱ्या दोघांना दिली होती. मी शब्दाचा अर्थ सांगितला. मागे गाणं चालूच होतं. मग ताईने मुलांना मोजत मोजत बाहेर काढलं. सतरा. मी तिला हजेरी काढून पुन्हा मोजायला लावलं. सतराच.

गावातल्या माणसांनी एकेक चटई काठीने उचलली. खाली ताजी कात मिळाली आणि भिंतीच्या बुडाशी बीळ. ते दगड-सिमेंटने बुजवलं. जनावर तेव्हा आत होतं की बाहेर, कोणालाच सांगता आलं नाही.

मी नोंदीतली ‘गुरे’ खोडली.

चार दिवसांनी ताई मुलीला समजावून घेऊन आली. मुलगी दारात थांबली. गेलं ना आता जनावर, असं ताईने विचारल्यावर तिने नकारार्थी मान हलवली आणि छपराच्या वाशांकडे बोट केलं. ताईने तिथूनच मला फोन केला.

“बाकीची मुलं कुठे आहेत?” मी विचारलं.

“आत आहेत,” ती म्हणाली, आणि फोन न ठेवताच त्यांना हाका मारू लागली.