निघायचा ठेका

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. परीक्षा पास होण्याच्या नादात मला एक सवय लागली: कुठलीही गोष्ट समोर आली की वही काढून तिच्या नोट्स घ्यायच्या. परदेशी संगीतही मी असंच शिकलो.

सुप्याच्या धरणाच्या पाण्यालगत बेंगळूरच्या एका गृहस्थांनी पर्यटकांसाठी सहा खोल्या बांधल्या आहेत. तिथं मी व्यवस्थापक आहे. जेवणाच्या पडवीत त्यांनी रेकॉर्ड प्लेअर आणि तबकड्यांचं कपाट ठेवलंय. पाहुणे जेवत असताना एक बाजू संपली की तबकडी उलटायची, हे माझ्या कामातच धरलेलं होतं. मालकांनी कप्पे समजावून दिले. वर सोल, खाली रेगे, मग आफ्रोबीट, तळाशी लॅटिन. मला चारही नावं सारखीच अनोळखी. मी वही काढली.

सोलखाली मी लिहिलं: सूर भजनाचा, दुःख प्रेमाचं. रेगे कळायला महिना गेला. जिथं ठोका पडणार असं वाटतं तिथं तो पडतच नाही, आणि आपण नाद सोडला की पडतो. शेवटी आमच्या कुंभारवाड्याच्या बसचा विचार केला, तीही वाट बघणं सोडलं की येते, आणि लक्षात आलं. लॅटिनमध्ये दहा जण एकदम वाजवतात, पण कुणाचा पाय कुणाच्या पायावर पडत नाही. सगळ्यांत जास्त जीव जडला तो आफ्रोबीटवर. त्याचं पहिलं कारण असं की एका बाजूला एकच गाणं असायचं. ते संपेपर्यंत दोन टेबलांची ताटं उचलून व्हायची. पुढं पुढं ताटं तशीच राहू लागली आणि मी उभा राहून ऐकू लागलो.

माझी निष्ठा बघून मालकांनी गोव्यातल्या एका मैफलीचा पास दिला. आफ्रिकेतून आलेलं पथक होतं. मी इस्त्रीचा शर्ट घालून अनमोडचा घाट मोटारसायकलनं उतरलो आणि पासावर लिहिल्याप्रमाणे बरोबर चार वाजता हजर झालो. तेव्हा तिथं मी आणि वायरी जोडणारे दोघेच होतो. पथक आलं तेव्हा ऊन माडांच्या शेंड्यावर होतं, आणि पहिलं गाणं संपलं तेव्हा सूर्य समुद्रात गेला होता. टाळ्या वाजवायला मी हात तयार ठेवून उभा होतो. बऱ्याच वेळानं लक्षात आलं की संपण्याची वाट फक्त मी एकटाच बघतोय. परतताना घाटात ठरवून टाकलं, शेवटाची घाई न करणं हीच खरी कला.

त्याच वर्षी माघात वडील रातांब्याच्या झाडावरून पडले आणि त्यांचा उजवा खांदा निखळला. शिमगा महिन्यावर होता.

आमच्या वाडीच्या शिमग्यात मोठ्या ढोलाचा मान आमच्या घराचा. आजोबांनंतर वडील. मांडावरून, म्हणजे वाडीच्या देवाच्या जागेवरून, मेळ निघतो आणि घरोघरी अंगणात नाचतो. घरधनी नारळ-तांदळाचं ताट घेऊन उभा राहतो. मोठ्या ढोलानं निघायचा ठेका दिला की मग नाच थांबतो, ताट स्वीकारायचं आणि पुढच्या घरी जायचं. तो ठेका मिळेपर्यंत नाचणाऱ्यानं थांबायचं नाही आणि घरधन्यानं ताट खाली ठेवायचं नाही. नाच अर्धवट सुटला तर त्या घराला ते वर्ष चांगलं जात नाही, असं मानतात. घरातल्या कुणी ढोल धरला नाही तर मान काकांच्या घरी जाणार होता. काकांचा मुलगा नववीत शाळा सोडून जंगल खात्याच्या रोपवाटिकेत मजुरीला जातो, आणि वाजवतो उत्तम. वडिलांना खांद्याच्या दुखण्यापेक्षा याची काळजी जास्त होती.

मी म्हणालो, मी वाजवतो. वडील आठवडाभर डाव्या हातानं पाटावर ठोके देऊन शिकवत होते. मीही त्यांना काहीतरी द्यावं म्हणून फोनवर माझं आफ्रोबीट ऐकवलं, आणि हे नि आपलं मुळात एकच कसं आहे ते समजावून सांगितलं. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं.

"वाजवत्यात झकास," ते म्हणाले. "पण ह्यांना कुठं जायचं न्हाई. आपल्याला सात घरं कराय लागत्यात."

ही दाद आहे असं मी समजलो.

शिमग्याला सकाळी पहिलं घर मानकऱ्यांचं. मांडावरचे निर्णय तेच देतात. ऐंशीच्या आसपास वय, दोन्ही हातांत ताट. मी सुरुवात चांगली केली. मेळ रंगला. निघायच्या ठेक्याची वेळ आली तेव्हा मला वाटलं, आत्ता कुठं जमतंय. मी तोच ठेका फिरवत राहिलो, मध्ये एखादा ठोका गाळला, उशिरा टाकला. मेळातले म्हातारे खूश होऊन नाचले. मग घामेघूम झाले. मग माझ्याकडं बघायला लागले. मानकऱ्यांच्या हातातलं ताट थरथरायला लागलं, आणि सून खालून ताटाला हात लावून उभी राहिली.

चुलतभाऊ झांज वाजवत माझ्या कानाशी आला. "अण्णा, सोड की आता. म्हाताऱ्याचं हात गळाय लागल्यात."

सोडावं म्हटलं तर निघायचा ठेका सापडेना. तो डाव्या हातापासून उचलायचा होता, आणि माझा उजवा हात इतका वेळ फिरत होता की डाव्याला शिरायला जागाच उरली नव्हती. दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा परत पहिल्या ठेक्यावर आलो, आणि मेळ बिचारा परत नाचू लागला.

गळ्यात हात बांधून कडेला बसलेले वडील उठले. त्यांनी माझ्या हातातून कांडी काढून घेतली आणि डाव्या हातानं चार ठोके दिले. नाच थांबला. मानकऱ्यांनी ताट कुणाच्या तरी हातात जवळजवळ टाकलंच.

दम खात मानकरी म्हणाले, "पोरगा वाजवायला भारी हाय. पण ढोल मेळाला न्यायला पायजे, नुसता नाचवायला न्हाई."

निर्णय झाला होता. कुणी वाद घातला नाही, वडिलांनीही नाही. त्यांनी स्वतः माझ्या खांद्यावरचा पट्टा सोडवला आणि चुलतभावाच्या खांद्यावर चढवला. तो माझ्यापेक्षा बुटका, त्यामुळे पट्टा आखूड करावा लागणार होता. एका हातानं गाठ बसेना.

"धर हितं," ते मला म्हणाले.

मी गाठीवर बोट दाबून धरलं. त्यांनी दोरीचं टोक दातात धरून ती ओढली, आणि हलवून बघून परत एकदा आवळली. चुलतभाऊ मान खाली घालून उभा होता. माझ्याकडं बघायचं तो टाळत होता.

"झांज तू घे," वडील म्हणाले. "आणि त्याच्या डाव्या हाताकडं बघत चल."

मी झांज घेतली आणि त्याच्या डाव्या बाजूनं चालू लागलो. दुसऱ्या घराच्या अंगणात एक म्हातारी ताट घेऊन आधीच उभी होती.