दगडाबाईचा गुलकंद

सेलूजवळच्या त्या गावात कुणाच्याही दारात गुलाब उमलला, की पहिलं फूल दगडाबाईकडं यायचं. बाई आधी नाकाशी धरणार, मग पाकळी बोटांत चोळणार आणि ठणकावून सांगणार, "कलमी हाय हा, गावठी न्हाई. रंगाला भुलू नका." देशी म्हणून विकलेली रोपं तिनं कितीजणांना परत करायला लावली असतील, देव जाणे! तिची स्वतःची गावठी झुडपं विहिरीजवळ होती. फुलं फिकी, पाकळ्या पातळ, दुपार झाली की गळून जायच्या. पण वास म्हणाल तर विचारूच नका! भुजंग, तिचा नवरा, पाठीवर पंप घेऊन नुसता त्या बाजूनं गेला तरी हिच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. त्या झुडपांवर औषधाचा थेंब पडलेला तिला खपत नव्हता.

यंदा लेक अपेक्षाला सातवा महिना लागला होता आणि छातीत सारखी जळजळ व्हायची. दगडाबाईनं पाकळ्या आणि खडीसाखरेचे थर देऊन बरणी भरली, उन्हात मुरवली आणि भुजंगबरोबर मानवतला लेकीच्या सासरी धाडली.

मग एके दिवशी शेजारची सगुणाबाई चहाला आली.

"आक्का, पोचला का गुलकंद? बरणी लय खाली गेल्ती. तुमी सेलूला गेल्या व्हत्या तवा मीच आमच्या प्लॉटातल्या पाकळ्या टाकल्या चार ओंजळी. म्हणलं, पोरीला होतील."

मुरताना गुलकंद खाली बसतोच, हे त्या बयेला कुणी सांगावं! तिचा प्लॉट म्हणजे हारवाल्यांना जाणारे लालभडक कलमी गुलाब.

"अगं, फवारलेलं व्हतं का?" दगडाबाईनं कपबशी खाली ठेवली.

"आदल्या दिशी मारलं व्हतं औषध. पण मी धुतल्या की पाकळ्या!"

सगुणाबाईनं मायेनंच केलं होतं, पण त्या घडीला दगडाबाईला तिचा गळा धरावासा वाटला. तिनं अपेक्षाला फोन लावला. वाजून वाजून बंद पडला. परत लावला, परत तेच. भुजंग रानात होता. त्याची वाट न बघता तिनं मानवतची एसटी धरली.

गाडीत तिच्या मनात एकच घोळत होतं. दोन जिवांची पोर चमचा-चमचा करून औषध गिळत असेल, आईनं दिलंय म्हणून मन लावून खात असेल. फोन उचलत न्हाई म्हणजे दवाखान्यात तर नेलं नसेल? देवा, मला काय करायचं ते कर, तिच्या लेकराला हात लावू नको! शेजारच्या सीटवरची बाई काहीतरी विचारत होती, हिला ऐकूच येईना.

अपेक्षा ओसरीवर मेथी निवडत बसली होती.

"आई? अशी अचानक?"

"गुलकंद किती खाल्लास?"

पोरीनं मेथीची दुसरी काडी उचलली.

"सांग की भवाने!"

"न्हाई खाल्ला. चमचाभरबी न्हाई. तुज्या गुलाबाचा वासच येईना त्याला, म्हणून तसाच ठिवला."

दगडाबाईनं तिथंच बसकण मारली आणि पोरीच्या पोटावर हात ठेवून मोठ्यानं रडली. रडणं ओसरल्यावर सगुणाबाईचा सगळा प्रताप सांगितला. अपेक्षानं आतून बरणी आणली. पाकळ्या मुरून काळ्या झालेल्या, डोळ्यांना काही कळायची सोय नव्हती. दगडाबाईनं झाकण काढून वास घेतला. छान वास होता, तिच्याच गुलाबाचा. पाठवताना घेतला तेव्हाही असाच आला होता. तिनं परत नाक घातलं, अगदी आत घातलं. तोच वास. चार ओंजळी कलमी पाकळ्या तिच्या नाकाला कळतच नव्हत्या.

तिनं घाबरून लेकीकडं पाहिलं.

"याचंच भ्या वाटायलं व्हतं मला," अपेक्षा म्हणाली. "कसा झालाय म्हणून इचारशील, अन् मला खोटं बोलता येत न्हाई. म्हणून फोन उचलला न्हाई."

तिनं आईच्या हातातून बरणी काढून घेतली.

"पुढच्या साली भरताना मला बोलव. वास मी घेते."