आधी कड, मग रंग

मुलांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही म्हणालात, "आजी, आजोबांचा तो शेवटचा फोटो पाठव ना, आम्ही कॉम्प्युटरवर शार्प करून देतो." मी "बघू" म्हणून फोन ठेवला. अजून का पाठवला नाही, ते सांगायला बसले आहे.

खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर आजोबा सोसायट्यांची विजेची पॅनेल तपासायला जात. त्यासाठी उष्णता टिपणारा, हातात धरायचा थर्मल कॅमेरा घेतला होता. चित्रं त्यांची, अहवालाचं इंग्रजी माझं. म्हणून मलाही त्यांनी शिकवलं. पुढची रिंग फिरवायची, कड स्पष्ट झाली तरी थांबायचं नाही. पुन्हा धूसर होईपर्यंत पुढे जायचं आणि मग मागे यायचं. सरावासाठी ते स्वयंपाकघराच्या भिंतीवर तळवा टेकवून हात मागे घेत. मागे राहिलेल्या उबेचा पंजा पडद्यावर उमटे, कारखान्यात मोडलेल्या वाकड्या करंगळीसकट. तो विरायच्या आत मी बोटांच्या कडा स्पष्ट करायच्या.

उष्णता पडद्यावर कोणत्या रंगांत दिसावी तेही निवडता येई. मी आधी रंग निवडत बसे.

"अहो, हा जांभळा किती छान दिसतोय!"

"साडी घ्यायला आलीयस का? आधी कड, मग रंग. रंग घरी बसूनही बदलता येतो. फोकस नाही."

गेल्या वर्षी एका संध्याकाळी ते वारज्याहून काम करून आले आणि बूट न काढताच खुर्चीत बसले. असं ते कधी करत नसत.

"आज माझाच काढ. कुठे तापलोय ते बघू."

मी हौसेने रंग बदलत राहिले.

"झालं का गं?"

"झालं," म्हणत मी बटण दाबलं. रिंगला हात लावायचाच राहिला होता.

"हलला. उद्या पुन्हा काढते," मी म्हणाले. हलला नव्हता, पण चूक कबूल करायची लाज वाटली. सकाळी चहा झाला म्हणून हाक मारली, तर ते उठले नाहीत.

त्या फोटोत एक केशरी गोळा आहे. चष्म्याच्या जागी दोन काळे डाग. नाक नाही, ओठ नाहीत. तुमचा कॉम्प्युटर नाक काढेल, पण ते त्याच्या मनाचं असेल, आजोबांचं नसेल. तसं नाक मला बघवणार नाही.

कॅमेऱ्याच्या कार्डावर सरावाचे पंजे पुष्कळ होते, बहुतेक धूसर. एकच नीट आला आहे. त्यात वाकडी करंगळी स्पष्ट दिसते. तो आज पाठवते. त्यांच्या उबेचं स्पष्ट असं तेवढंच उरलं आहे.