बटण आहे, काज नाही

माया,

तू रोज सकाळी माझ्या दारावरून जातेस, पण हल्ली आधीच्याच स्टॉपला शेअर रिक्षात बसून. चालत्या रिक्षातल्या माणसाशी भांडता येत नाही. फोन तू उचलत नाहीस. मेसेज केला तर नुसता अंगठा पाठवतेस. म्हणून हे लिहिते. विष्णुपंतांची खाकी पँट तू 'उद्या आणते' म्हणून नेलीस, त्याला आता पाच महिने झाले. त्याबद्दल बोलायचं आहे. पण ती पँट तुझ्याकडे गेली कशी हे सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल, आणि तुझ्याकडे वाचायला वेळ नसणार. तेव्हा मी हे इतरांना सांगते. तू रिक्षात बसल्यावर वाच.

तर माया. वय एकतीस, राहणार बुवापाडा, अंबरनाथ. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जीन्सच्या एका कारखान्यात चेकिंगला आहे. शिवून आलेला प्रत्येक नग उलटा-सुलटा करायचा, शिलाई सुटली आहे का, खिसा वाकडा आहे का ते बघायचं, आणि जिथे चूक असेल तिथे बाणाचं लाल स्टिकर चिकटवायचं. चांगला असेल तो 'ओके', दुरुस्त होईल तो 'आल्टर', कामातून गेलेला तो 'रिजेक्ट'. नवरा राजरत्न बदलापूरच्या एका कंपनीत, कायमची रात्रपाळी. सासू सुंदराबाई इस्पितळात आया आहेत, त्यांचीही ड्युटी. आणि मुलगी संबोधी, साडेतीन वर्षांची, घरात बोधी. एवढ्या कामकरी घरात हिला दिवसा सांभाळायला कोणी नव्हतं, म्हणून माया तिला बरोबर घेऊन कारखान्यात जायची. बोधी दीड वर्ष जीन्सच्या ढिगावर बसून वाढली.

आमची ओळख झाली ती अशी. आमचं घर तळमजल्याला, रिक्षा थांबते तिच्या अगदी समोर. मी दुधाची पिशवी घेऊन उभी होते. ही समोरून आली. काखेत पोर, खांद्याला पर्स, हातात डबा, बाटली, छत्री, आणि तुटलेली चप्पल फरफटत. म्हणाली, "काकू, हिला जरा धरता का? चपलेला पिन लावते." मी धरली. तिने पिन लावली, तेवढ्यात रिक्षावाल्याने "एक सीट, एक सीट" अशी हाक दिली, ही धावली, बसली आणि गेली. पोर माझ्याकडे.

मी रस्त्यात दूध आणि मूल घेऊन उभी. मूल रडलंही नाही. त्याने दुधाची पिशवी फिरवून तळ बघितला.

बारा मिनिटांनी माया उलट्या बाजूच्या रिक्षातून उतरली. घामाघूम. मला वाटलं आता रडणार. ती म्हणाली, "पर्स, डबा, बाटली, छत्री. चार नग मोजले, बरोबर आले. म्हटलं, मग हलकं का वाटतंय?"

"अगं, पोटची पोर विसरलीस."

"विसरले नाही काकू. पीस मिसिंग होता, पुढच्या स्टॉपला कळलं."

मी तिला बरंच बोलले. मी केमिस्ट्रीची पदवीधर, एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये तीस वर्षं नोकरी केली आणि त्यात दोन मुलं वाढवली. खरं म्हणजे वाढवली माझ्या सासूने. मी फक्त संध्याकाळी येऊन त्यांच्या चुका काढायची. हे मी मायाला तेव्हा सांगितलं नाही.

त्या दिवसापासून बोधी रोज सकाळी आमच्या ओट्यावर. माया चप्पल घाले, केस बांधे, रिक्षात जागा धरे, आणि मग मी पोर आत सरकवायची. माझे यजमान विष्णुपंत म्हणाले, "वैदेही, हा तर आपला लोडिंग पॉइंट झाला." मी म्हटलं, तुम्ही डबा धरा.

जून लागला आणि कारखान्यात नवीन वाफेची इस्त्री आली. मालक लछूशेठ सिंधी, सगळे त्यांना साईं म्हणतात, ते मायाला म्हणाले की आता मुलीला आणू नकोस, भाजेल. माणूस बरोबर बोलला, त्यामुळे भांडताही येईना. माया दुसऱ्या दिवशी ओट्यावर उभी राहिली आणि म्हणाली, "काकू, शाळेत जागा मिळेपर्यंत. थोडे दिवस."

"पाच जुलैला माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. तोवर. पुढे मी लंगडी."

"तोवर नाही झालं तर नोकरी सोडते," ती म्हणाली, आणि डबा माझ्या हातात दिला. हे वाक्य तिने इतक्या सहज म्हटलं की मला रात्रभर पुरलं. तिथे सहा वर्षं काढून ती आता चेकिंगच्या मुख्य टेबलाशी आली होती. सोडलं असतं तर परत धागे कापण्यापासून सुरुवात.

ते दिवस मी विसरायची नाही. बोधीला खेळणी नको होती. तिला आईच्या पर्समधली बाणांची गुंडाळी हवी होती. पहिल्या दिवशी तिने कान तुटलेल्या कपाला बाण लावला. मग टवका उडालेल्या फरशीला. मग विष्णुपंतांच्या टकलाला, आणि मागे सरून, मान तिरकी करून म्हणाली, "रिजेक्ट." मला मात्र दोन्ही गुडघ्यांवर एकेक लावून 'आल्टर' दिला. डॉक्टरांचंही हेच मत होतं.

चौथ्या दिवशी विष्णुपंत पेन्शनच्या कामाला बँकेत गेले, तासभर रांगेत उभे राहिले आणि घरी येऊन म्हणाले, "आज लोक फार हसतमुख होते." पँटच्या बैठकीवर, कापड जिथे विरलं होतं बरोबर तिथे, लाल बाण. संध्याकाळी माया आली, तिने ते पाहिलं, हसली नाही. पँट उजेडात धरली आणि म्हणाली, "बरोबर लावलाय. आजोबा, आमचा मास्टर आतून पट्टी लावून देईल. नेते, उद्या आणते." त्यांची बाहेर जायची ती एकच बरी पँट. नेली.

इकडे मी बोधीला शाळेसाठी तयार करत होते. आमच्या मागच्या गल्लीतल्या बालवाडीत पाच वाजेपर्यंत मुलं सांभाळायची सोय आहे. एक जागा शिल्लक होती. पाचला राजरत्न झोपून उठलेला असतो, तो आणू शकला असता. मी तिच्याकडून नाव, पाच फळं, पाच रंग, 'आई कुठे जाते, बाबा कुठे जातात' सगळं घोकून घेतलं. घरी पोरीने एकदाही चूक केली नाही.

मुलाखतीच्या दिवशी मायाने अर्ध्या दिवसाची सुट्टी मागितली, ती मिळाली अकराला हजर राहायच्या अटीवर. राजरत्न पाळी करून नुकताच आला होता. तो दारापर्यंत येऊन "जयभीम काकू, तुम्ही जा, मी उभ्यानं झोपेन" म्हणाला. म्हणून मायाबरोबर आजी या पदावर मी गेले.

शाळेच्या मीनल मॅडम डोंबिवलीहून येतात. स्वभावाने वाईट नाहीत, फक्त आवाज सतत लहान मुलांशी बोलत असल्यासारखा. ऑफिसच्या कोपऱ्यात नवीन गणवेशांचं गाठोडं सोडून ठेवलेलं होतं, चौकड्यांचे फ्रॉक.

"नाव काय गं तुझं, शोनू?"

बोधी खुर्चीच्या गादीची शिवण तपासत होती.

"बरं. आई काय करते?"

"रिजेक्ट."

"बाबा?"

"झोपतो."

मॅडमच्या हातून पेन खाली पडलं. बोधीने वाकून पाहिलं आणि आपुलकीने विचारलं, "छा थियो?"

मॅडमनी मायाकडे पाहिलं. "एवढ्याशा मुलीला चहा देता तुम्ही?"

"चहा नाही मागत ती, मॅडम. काय झालं, असं विचारतेय. सिंधीत."

"तुम्ही सिंधी का?"

"नाही. बुवापाडा."

मॅडमनी तक्त्यावरचं सफरचंद दाखवलं. हे मी रोज दोनदा घोकून घेतलं होतं. बोधी खुर्चीवरून उतरली, तक्त्याला नाक लावून उभी राहिली. छपाईत लाल रंग रेघेबाहेर गेला होता. तिने त्यावर बोट ठेवलं. "आल्टर."

मॅडमनी फाइल मिटली. "पुढच्या वर्षी बघू हं. अजून भाषा आलेली नाही तिला."

"भाषा?" मी म्हटलं. "तीन आल्यात. मराठी, सिंधी आणि चेकिंगची. तुम्हाला त्यातली एक येते."

"काकू, राहू द्या," माया म्हणाली. उठली. तिने विनंती केली नाही, डोळे पुसले नाहीत. फक्त पर्सचा पट्टा खांद्यावर चढवला आणि तो परत घसरला. तिला तो चढवता येईना. तीन वेळा घसरला.

त्या वेळात बोधी सवयीने कपड्यांच्या ढिगावर जाऊन बसली होती. बाण तिच्याकडे होतेच.

"अगं अगं, नवे गणवेश आहेत ते," मॅडम म्हणाल्या.

"सॉरी मॅडम," म्हणत माया बाण काढायला वाकली. एक फ्रॉक उचलला, आणि तिचे हात तिला न विचारता कामाला लागले. कॉलर, खांदा, बाही, बटणपट्टी, उलट, झटका. मग ती थांबली. बाण तसाच ठेवला.

"मॅडम, हे गाठोडं कोणी बघून घेतलं?"

"का?"

"बटण आहे, काज नाही." तिने फ्रॉक पुढे केला. मागे तीन बटणं ओळीत छान, आणि पलीकडच्या पट्टीवर बटण घालायला एकही भोक नाही. "हे घालणार कसं? मूल शिवून आत बसवायचं का?"

मॅडमनी चष्मा लावला. कालच दोन आयांनी तक्रार केली होती, आणि मॅडमनी त्यांना 'घरी नीट प्रयत्न करा' म्हणून सांगितलं होतं.

माया खाली बसली. मला वाटतं तिला आठवतही नव्हतं की आपल्याला नाही म्हटलंय. साठेक फ्रॉक होते. तिने तीन ढीग केले. अकराला दहा कमी असताना फोन वाजला, तो तिने खांदा आणि कान यांच्यात धरला. "साईं, आ रही हूँ. इधर भी माल ही देख रही हूँ." बेचाळीस ओके, पंधरा आल्टर, तीन रिजेक्ट. बोधीने सात बाण लावले होते, त्यातले तीन बरोबर होते. बाकीचे तिला चिकटवायला आवडतं म्हणून. हे मुद्दाम सांगते, कारण विष्णुपंत आता लोकांना सातही बरोबर होते म्हणून सांगतात.

मॅडमचा आवाज पहिल्यांदाच मोठ्या माणसाचा झाला. "तुम्ही आमच्या पालक समितीत या ना. दर शनिवारी अकराला बैठक असते. तुमच्यासारख्या आयांची फार गरज आहे."

आता 'हो' म्हणायचं, हे कोणालाही कळलं असतं. मी तिला कोपराने ढोसलंही. मायाने पर्स उचलली.

"मॅडम, शनिवारी अकराला मी मोकळी असते, तर हिला तुमच्याकडे कशाला आणली असती?"

मी डोळे मिटले. संपलं, म्हटलं.

मॅडमनी तो बिनकाजाचा फ्रॉक घडी करून बाजूला ठेवला. मग मिटलेली फाइल उघडली. "सोमवारपासून पाठवा. डबा सुका द्या. आणि ते बाण घरी ठेवा."

काज नसलेल्या फ्रॉकमुळे जागा मिळाली की त्या उत्तरामुळे, ते मला आजतागायत कळलेलं नाही. रिक्षात बसताना मायाला विचारलं, तर म्हणाली, "काकू, चेकिंगला कारण नसतं. पास म्हणजे पास." आणि गेली. या वेळी पोर मात्र बरोबर घेऊन गेली, सोमवारपर्यंत माझ्याकडे ठेवायची आहे हेच विसरून, आणि साईंची बोलणी खाल्ली असतील.

तर माया, पँट.

पाच जुलैला मी ऑपरेशनला गेले, तेव्हा विष्णुपंत पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यात बरोबर आले. त्यांची बाहेरची पँट तुझ्याकडे. इस्पितळातल्या माणसाने मला बाकावर बसवलं, त्यांना चाकाच्या खुर्चीत घातलं आणि थेट आत नेलं. लिफ्टपर्यंत ते 'अहो, पेशंट ती' म्हणत होते. 'सगळे असंच म्हणतात आजोबा,' असं उत्तर मिळालं.

गणपतीत तू म्हणालीस उद्या. नवरात्रात म्हणालीस मास्टर गावी गेलाय. दिवाळीत बोधी फराळाचं ताट घेऊन आली होती, अंगात शाळेचा फ्रॉक, बटणं नीट काजात. तिला विचारलं, आजोबांची पँट कुठे आहे गं? कारखान्यातल्या दिवाळीच्या पूजेला ती गेली होती, तिने सरळ सांगितलं. मम्मीच्या टेबलाच्या वर, खिळ्याला. बाण अजून आहे का? आहे.

म्हणजे तू रोज आठ तास त्या पँटसमोर बसतेस, आणि दिवसाला शेकडो पँटी हाताखालून घालतेस.

मी रागावलेले नाही. माझी सासू गेल्यावर तिच्या पेटीत माझी एक साडी सापडली होती, फॉल लावून ठेवलेली. मी तिला लावायला दिली आणि न्यायला विसरले, बावीस वर्षं. पण विष्णुपंत रागावले आहेत. शिवाय माझ्या ऑपरेशननंतर स्वतःच्या हातचं खाऊन त्यांची कंबर दोन इंचांनी कमी झाली आहे. तेव्हा आता नुसती पट्टी लावून भागणार नाही, कंबरही घ्यावी लागेल. नवीन माप त्यांनी चिठ्ठीवर लिहून ठेवलंय, दरवाजाच्या मागे, दुधाच्या कापडी पिशवीला पिनेने लावून.

आज सकाळी मी ती चिठ्ठी हातात घेऊन ओट्यावर उभी होते. रिक्षा आली, तू मधल्या सीटवर होतीस, मांडीवर पुढच्या वळणावर शाळेत सोडायची बोधी, तोंडात केसांची पिन. मी चिठ्ठी हलवली. तू मोठ्याने "उद्या, काकू" म्हणालीस, आणि बोधीने हात बाहेर काढून बाण लावल्यासारखं माझ्याकडे बोट केलं.

चिठ्ठी परत पिशवीला लावली आहे.